फिनेटची मान

कान

आधी मान खाली गेली.

झेलिकाला वाटलं, मांजर आपल्याच छातीवरचा पांढरा ठिपका बघतेय. बराच वेळ झाला तरी बघतेच आहे. मग लक्षात आलं की फिनेटला मान वर करताच येत नाहीये. हनुवटी छातीला चिकटलेली, पाय फाकवून रोवलेले, आणि डोळ्यांतली काळी बाहुली इतकी पसरलेली की हिरवा रंग नुसता काठाला उरला होता. हाक मारली तशी ती यायला निघाली. दोन पावलं सरळ पडली, तिसरं भलतीकडे गेलं, आणि ती फ्रीजला जाऊन टेकली. दारुड्या माणसानं विजेच्या खांबाला टेकावं तशी.

"कानाच्या आतमध्ये तोल सांभाळणारा भाग असतो, तो बिघडला की असं होतं," डॉक्टर वीब म्हणाल्या. तरुण बाई. अल्बर्टाच्या गव्हाच्या मुलखातून इकडे, समुद्राकाठी, नुकत्याच आलेल्या. "खाते काय ही?"

"पिशवीतलं. चांगल्यातलं. सकाळ-संध्याकाळ."

"आणि वरचं काही?"

झेलिकानं खांदे ताठ केले. पॉइंट गावच्या शाळेचं स्वयंपाकघर तिनं उभी हयात चालवलं होतं. तिच्या टेबलावर बाहेरचा डबा उघडायची छाती मुख्याध्यापकांनाही झाली नव्हती. "माझ्या घरात वरचं काही नसतं."

"बाहेर जाते ना ती? गावात कुणी काही देत असेल."

"गावाला मी सांगून ठेवलंय."

डॉक्टरांनी फिनेटच्या तोंडाशी नाक नेलं, मग झेलिकाकडे बघितलं. "तुम्ही आज काकडी चिरली होती का?"

"फेब्रुवारीत काकडी कुठली?"

"वास येतोय म्हणून विचारलं."

"माझ्या कोटाचा असेल," झेलिका म्हणाली. त्यात आणखी सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही. हिवाळ्यात पॉइंटमध्ये सगळ्यांच्याच कोटाला तो वास असतो.

डॉक्टरांनी कानात घालायचे थेंब दिले.

म्हातारपण

हा अंदाज ओनेझिमचा. ओनेझिम शेजारी. खाडी गोठली की बर्फावर लाकडी खोपटं उभं करायचं, बर्फात भोक पाडून खाली जाळं सोडायचं, हा त्याचा धंदा. पॉइंटमध्ये कुणी पुढचं दार वापरत नाही, तसा तोही मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात आला. बूट झटकले, खुर्ची ओढली आणि टेबलाखाली वाकून बघितलं.

"वय झालं तिचं."

"तुझ्या दातांपेक्षा लहान आहे ती."

"माझे दात नवीन आहेत, झेलिका. गेल्या उन्हाळ्यात बसवले."

"म्हणजे तेही तिच्यापेक्षा अकलेनं मोठे नाहीत."

ओनेझिम हसला, पण त्याचं लक्ष खाली होतं. फिनेट खुर्चीच्या पायाला डोकं लावून उभी होती. तिला उचलायला त्यानं हात घातला, तर तिचं अंग धनुष्यासारखं आत वळलं आणि पुढचे पाय काठीसारखे कडक झाले. त्यानं तिला हळूच परत ठेवलं.

"पोटात काही जातंय का?"

"पिशवीतल्या दाण्याला तोंड लावत नाही."

"दाण्याला नाही," ओनेझिम म्हणाला. मग टोपी हातात फिरवत बसला. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, झेलिकाकडे बघितलं आणि "बर्फ चांगला धरलाय यंदा" असं म्हणून उठला.

मळमळ

झेलिकाची नणंद लेओंतीन समोरच राहते. नवरा गेल्यापासून झेलिकाला तिच्यावाचून आणि तिला झेलिकावाचून करमत नाही. दोघी हे कबूल मात्र करत नाहीत. झेलिका औषधाच्या दुकानात गेली की लेओंतीन मांजराजवळ बसायची. परत यावं तर फिनेट ओठ चाटत असायची. जीभ भराभर बाहेर, आत, बाहेर.

"मळमळतंय तिला," झेलिका म्हणायची. तोल गेला की मळमळतं, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

"हो का?" लेओंतीन म्हणायची आणि नळाखाली हात धुवायला जायची.

मेंदू

थेंबांनी काही झालं नाही. गोळ्यांनी काही झालं नाही. एका दुपारी फिनेटला झटका आला. पाय ताठ, डोळे उघडे, तोंडातून फेस. झेलिका जमिनीवर बसून तिच्या डोक्याखाली स्वतःची लोकरी चप्पल धरून राहिली, कारण हाताशी तेवढंच मऊ होतं.

रक्त तपासून झालं होतं. मूत्रपिंडं ठीक, यकृत ठीक, साखर ठीक. सगळं ठीक असलेलं मांजर डॉक्टरांच्या टेबलावर मान खाली घालून पडलं होतं.

"मेंदूत गाठ असू शकते," डॉक्टर वीब म्हणाल्या. "सूज असू शकते. एखादा जंतू असू शकतो. आत बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि ते यंत्र समोरच्या बेटावर, पुलापलीकडे, जनावरांच्या हॉस्पिटलात. मी फोन केला होता. त्यांना महिनाअखेरीआधी वेळ नाही."

"तोवर टिकेल?"

"मला माहीत नाही, मॅडम."

झेलिकाला राग आला. समोर नसलेल्या माणसाचा यावा तसा, कुणावर काढता न येणारा. "तुम्हाला काय वाटतं तेवढं तरी सांगा."

"मला वाटतं गाठ आहे. पण ते नुसतं वाटणं आहे, आणि नुसत्या वाटण्यावर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. फिनेटच्या पाठीवरून उलटा हात फिरवला. "तिला त्रास होतोय, एवढं मात्र नक्की."

तिला सुई देऊन कायमचं निजवायला शुक्रवार ठरला. झेलिकानंच ठरवला. डॉक्टर म्हणाल्या, विचार करा. झेलिका म्हणाली, झाला करून.

पण तो झाला नव्हता. गाडीत झाला नाही, घरी झाला नाही. गाठ आहे असं कुणी छातीठोकपणे सांगितलं असतं तर तिनं मांजराला मांडीवर घेऊन निरोप दिला असता. नाही असं सांगितलं असतं तर महिना काय, वर्षभर चमच्यानं भरवलं असतं. आता मात्र तिला एका 'बहुतेक'वर फिनेटचा जीव द्यायचा होता.

गुरुवार, दुपारचा चहा

पॉइंटमध्ये कुणी जायला टेकलं की लोक येऊन बसतात. बोलावत कुणी नाही. मागच्या दारानं येतात, कोट अंगातच ठेवतात, हवापाण्याचं बोलतात, आणि उठताना त्या माणसाच्या हाताला हात लावून जातात. झेलिकाच्या नवऱ्याच्या वेळी सगळं गाव येऊन गेलं होतं. मांजराच्या वेळी कुणी येईल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

पहिली लेओंतीन आली. मग फादर आनिसे आले, गावच्या चर्चचे निवृत्त पाद्री, काठी टेकत. मग ओनेझिम आला आणि त्यानं टोपी काढली.

"मांजर आहे ते," झेलिका म्हणाली. "टोपी काय काढतोस?"

"गरम होतंय."

फिनेट स्टोव्हजवळच्या टोपलीत होती. हनुवटी छातीवर. चहा झाला. फादर वाऱ्याबद्दल बोलले. लेओंतीन फादरांच्या गुडघ्याबद्दल बोलली. झेलिका बिस्किटं काढायला कपाटाकडे वळली, आणि वळतावळता तिला काचेत दिसलं की ओनेझिमचा हात खिशातून टोपलीकडे चाललाय.

"ते काय आहे?"

"कुठे काय? काही नाही."

"तुझ्या काही नाहीला शेपूट आहे, ओनेझिम."

ओनेझिमनं मूठ उघडली. ओल्या कागदात स्मेल्ट होती, बर्फाखालची बोटभर, चंदेरी मासळी. ताजी, अजून चकाकणारी.

"निरोपाची आहे गं. एकच. उद्या ती..." त्यानं मासळी परत कागदात गुंडाळली. "आवडते तिला."

"तुला काय माहीत तिला काय आवडतं?"

स्टोव्हमधलं लाकूड फुटलं.

"रोज येते ती माझ्या खोपटावर," ओनेझिम म्हणाला. "यायची. बर्फावरून चालत. जाळं वर आलं की पहिली तिची. सगळा हिवाळा. तुला सांगितलं नाही कारण तू..."

"कारण मी काय?"

"तू झेलिका आहेस," ओनेझिम म्हणाला.

लेओंतीननं टेबलावर कप ठेवला. मग मांडीवरच्या पर्समधून, नजर न उचलता, एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यातही स्मेल्ट. साफ केलेल्या, डोकी काढलेल्या.

"लेओंतीन!"

"दुसरं काही खात नव्हती गं ती! दाणे पुढे केले की तोंड फिरवते, आणि ही दिली की अशी चाटूनपुसून... तू दुकानात गेलीस की देत होते. जिवंत राहावी म्हणून देत होते." ती रडायला लागली. "ती आजारी पडायच्या आधीपासून येते माझ्याकडे. स्वयंपाकघराच्या खिडकीशी. तू झोपलीस की."

झेलिका सावकाश फादर आनिसेंकडे वळली.

फादर काठीच्या मुठीकडे बघत होते. "मी खोटं बोललो नाही हं, झेलिका. तू मला कधी विचारलंच नाहीस."

"फादर, तुम्हीसुद्धा?"

"प्रार्थना आटोपली की तिची यायची वेळ असते. ओनेझिम मला बादली देतो. आता म्हाताऱ्या माणसानं एवढ्या मासळीचं करायचं काय?" कोटाच्या खिशातून त्यांनी रुमाल काढला. त्यातून जे निघायचं तेच निघालं.

टेबलावर तीन पुड्या. सगळ्या खोलीत काकडीचा थंड, हिरवा वास.

झेलिका उठली. तिघांनाही वाटलं आता भांडं फेकून मारणार. ती फोनकडे गेली.

"कुणाला लावतेस?"

"डॉक्टरला. मी तिला तोंडावर सांगितलं की माझं मांजर वरचं खात नाही. मी खोटं बोलले. तुमच्यामुळे. उद्या त्या बाईच्या हातात मांजर द्यायचंय, आणि तिच्याजवळ माझा खोटा शब्द ठेवून मी ते देणार नाही."

फोनची अलीकडची बाजू

"झेलिका बोलतेय. फिनेटची.

"नाही, उद्याच. ते बदलायचं नाहीये. मला एक दुरुस्ती करायची आहे.

"मी म्हटलं होतं ती वरचं खात नाही. ती खाते.

"मासे.

"स्मेल्ट. बर्फाखालची मासळी असते, बोटाएवढी.

"तळलेली कशाला? मांजर आहे ती. कच्ची.

"थांबा. ओनेझिम, कधीपासून? ... खाडी गोठल्यापासून म्हणतोय.

"रोज. तीन घरी. मला आत्ता कळलं.

"वास? मासळीचा? ... काकडीचा. हो, काकडीचाच येतो स्मेल्टला, जगाला माहीत आहे.

"तुम्ही विचारलं होतं, पण मला वाटलं तुम्ही कोटाचं विचारताय.

"का? काय झालं?

"आत्ता?

"आत्ता निघतो."

गाठच असेल तर

ओनेझिमचा ट्रक. पुढे तिघं, मागच्या छोट्या बाकावर फादर आणि त्यांची काठी. कुणी त्यांना या म्हटलं नव्हतं आणि कुणी उतरा म्हणायला धजलं नव्हतं. टोपली झेलिकाच्या मांडीवर. वाटेत फिनेटला पुन्हा झटका आला, छोटा. लेओंतीननं डोळे मिटून घेतले.

डॉक्टर वीब दारातच उभ्या होत्या. सुई भरून तयार. टोचून झाल्यावर त्या बोलल्या, आणि पहिल्यांदाच भराभर बोलल्या. काही माशांमध्ये एक द्रव्य असतं. ते पोटात गेलं की ब-एक नावाचं जीवनसत्त्व तोडून टाकतं. अधूनमधून खाल्लं तर काही होत नाही. रोज कच्चं खाल्लं आणि बाकीचं खाणं सोडलं, तर मेंदूलाच उपास घडतो. मग मान पडते, डोळे पसरतात, तोल जातो, झटके येतात. शिजवलं की ते द्रव्य मरतं. आत्ता टोचलेली सुई त्याच जीवनसत्त्वाची होती.

"म्हणजे गाठ नाही?" लेओंतीननं विचारलं.

"असं मी म्हणत नाही. गाठ असेलच तर ती आहेच, आणि या सुईनं ती जाणार नाही." त्यांनी झेलिकाकडे बघितलं. "पण मासळीचं हे खरं असेल तर उद्या सकाळपर्यंत कळेल. रात्री तिला माझ्याकडे राहू द्या. उद्याची तुमची वेळ आहेच. ती मोडत नाही मी. तुम्ही या."

उद्याची वेळ. तीच. झेलिकानं मान हलवली आणि टोपली खाली ठेवताना हँडल नीट सुटलं नाही तिच्या हातून. डॉक्टरांनी एकेक बोट सोडवलं.

परतीच्या वाटेवर लेओंतीन म्हणाली, "मीच मारत होते तिला. चारून चारून."

झेलिका काचेतून बाहेर बघत होती. गोठलेली खाडी, त्यावर खोपटांचे ठिपके.

"मला सांगितलं असतंस तर?"

"तू रागावली असतीस."

"रागावलेच असते."

"मग?"

झेलिकानं काचेवरची वाफ बाहीनं पुसली. "मग रागावून झाल्यावर डॉक्टरला सांगितलं असतं," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "पण तुला सांगायची सोय ठेवली नव्हती मी. ते आहेच."

मागच्या बाकावरून फादर काही पुटपुटले. आशीर्वाद असावा, नाहीतर गुडघा दुखत असावा.

शुक्रवार

तोच रस्ता. तेच चौघं. ओनेझिमनं रेडिओवर हॉकीची चर्चा लावून दिली, ऐकली कुणीच नाही.

मागच्या खोलीचं दार डॉक्टरांनी उघडलं. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. पिंजऱ्यात टॉवेल होता. टॉवेलवर फिनेट. पाठ दाराकडे.

"फिनेट," झेलिका म्हणाली.

एक कान फिरला.

मग

डोकं

वर आलं.

फार नाही. जेवढं कुठलंही मांजर रोज करतं तेवढंच, हाक ऐकून, कोण आहे बघायला. हनुवटी छातीपासून सुटलेली, मध्ये हवा. मान वळली, जरा डुगडुगली, थांबली. डोळ्यांत हिरवा रंग परत आला होता, काठाला नव्हे, चांगला रुंद. तिनं झेलिकाकडे बघितलं, लेओंतीनकडे बघितलं, फादरांची काठी दिसताच फिस्कारली.

"देवाची कृपा!" फादर म्हणाले.

झेलिका जवळच्या खुर्चीवर बसली. ती खुर्ची नव्हती, कुत्र्यांचं वजन करायचा काटा होता. त्यावर आकडे लुकलुकले. ओनेझिमनं मुद्दाम खिडकीकडे तोंड केलं, पण त्याचे खांदे हलत होते, आणि ते रडण्यानं की हसण्यानं हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"रात्रीतून झटका नाही," डॉक्टर वीब म्हणत होत्या. त्यांचे डोळे झोपेनं लाल झाले होते. "पहाटे उठून पाणी प्यायली. आणखी काही दिवस सुया लागतील. चालताना थोडी झुलेल, कदाचित कायमची. आणि मॅडम, सगळं कळलं असं मी अजूनही म्हणणार नाही. पण गाठ असती तर सुईनं मान वर आली नसती."

झेलिकानं नाक पुसलं. "तुम्ही काल रात्री इथेच झोपलात?"

"झोपले कुठे!"

"जेवलात?"

डॉक्टर हसल्या. "नाही."

"रविवारी पॉइंटला या. कोंबडीचा रस्सा करीन. पुढचं दार वाजवत बसू नका, मागून या." मग काट्यावरून उठत ती म्हणाली, "आणि काकडीचा वास आला तर घाबरू नका."

\*

ट्रक शहराबाहेर पडेपर्यंत फिनेट गप्प होती. शेवटची घरं मागे पडली आणि तिनं गळा काढला. मांजरांना गाडी आवडत नाही, फिनेटला तर अजिबातच नाही. पण आजारी पडल्यापासून ती ओरडायचीही थांबली होती. आता मात्र टोपलीच्या झाकणावर पंजा आपटत, लांबलचक, संतापलेल्या सुरात, जणू सगळ्यांची नावं घेऊन चालली होती तक्रार.

"दम आहे आवाजात," ओनेझिम म्हणाला.

"तुला शिव्या देतेय," लेओंतीन म्हणाली.

"मला एकट्याला का? फादरांनाही देतेय."

"मला तिनं आधीच दिल्यात," मागून फादर म्हणाले.

थोडं अंतर गेलं. लेओंतीननं घसा साफ केला. "झेलिका, ती बरी झाली की... माझ्या खिडकीशी आली तर?"

झेलिकानं टोपलीच्या फटीतून बोट आत घातलं होतं, आणि आत कुणीतरी ते बोट ओरडता ओरडता चावत होतं.

"उकडून," ती म्हणाली.

"काय?"

"उकडून द्यायची. काटे काढून. आणि मला सांगून."

"सांगू," लेओंतीन म्हणाली.

"सांगू," ओनेझिम म्हणाला.

फादर काठीची मूठ पुसत राहिले.

"फादर?"

"सांगेन, बाई, सांगेन."

फिनेटनं पुन्हा सूर लावला, आधीपेक्षा वरचा. ओनेझिमनं हात लांब करून रेडिओ बंद केला, म्हणजे तिचं नीट ऐकू येईल.